विश्लेषण : परिचारिकांमधला ‘बर्नआऊट’ कसा ओळखायचा? तो रोखण्याची जबाबदारी कोणाची?

थकलेल्या परिचारिकेला हमखास सल्ला मिळतो : नीट झोप घे, योगासने कर, चार दिवस सुट्टी काढ. पण सुट्टी मंजूर करायला वॉर्डात दुसरी परिचारिकाच नसेल तर? ‘बर्नआऊट’ची चर्चा अनेकदा व्यक्तीच्या मनोबलापाशी येऊन थांबते. संशोधन मात्र बोट दाखवते ते ड्यूटीच्या तक्त्याकडे.

परिचारिकांच्या थकव्याची चर्चा आता का?

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२५मध्ये जगभरातील परिचर्या क्षेत्राचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२३मध्ये जगात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका होत्या आणि तरीही ५८ लाखांची कमतरता होती. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलै २०२५मध्ये, महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांतील परिचारिकांनी बेमुदत संप पुकारला. वेतनातील तफावत दूर करा आणि कंत्राटी पद्धतीऐवजी कायमस्वरूपी भरती करा, या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. मे २०२२मधील संपातही खासगी कंपन्यांमार्फत कंत्राटी भरती करण्यास विरोध हाच कळीचा मुद्दा होता. म्हणजे प्रश्न पगाराइतकाच माणसे किती आहेत याचाही आहे. माणसे कमी पडतात तेव्हा उरलेल्यांवर जे ओझे येते, त्याचे एक टोक म्हणजे बर्नआऊट.

बर्नआऊट म्हणजे नेमके काय?

१९७४मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी हा शब्द व्यावसायिक थकव्यासाठी वापरला. पुढे ख्रिस्टिना मॅसलॅक यांनी तो मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली, ती आजही जगभर वापरली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी-११’ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआऊटची नोंद आहे, पण आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्याने ती उद्भवते, असे तिथे म्हटले आहे. तिची लक्षणे तीन : ताकद संपल्यासारखा थकवा, कामापासून मनाने तुटणे किंवा त्याबद्दल कडवटपणा येणे, आणि आपण काम नीट करू शकत नाही ही भावना.

या व्याख्येतला ‘कामाच्या ठिकाणचा’ हा शब्द महत्त्वाचा. तिन्ही लक्षणे व्यक्तीत दिसतात, पण त्यांचे मूळ कामाच्या रचनेत शोधायचे असते.

परिचारिकांनाच धोका अधिक का?

एक साधे गणित पाहू. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकांनुसार सर्वसाधारण रुग्णालयाच्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी, वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तिघांमागे एक, तर अतिदक्षता विभागात प्रत्येक रुग्णामागे एक. हे प्रमाण प्रत्येक पाळीत राखायचे म्हटले तर ४० खाटांच्या साध्या वॉर्डाला एका पाळीत आठ, तीन पाळ्यांत २४ आणि रजांसाठीची ३० टक्के राखीव पदे धरली तर सुमारे ३१ परिचारिका लागतात.

आता त्याच वॉर्डात पाळीला दोघीच आहेत असे समजा. प्रत्येकीच्या वाट्याला २० रुग्ण. प्रत्येकाचा ताप, नाडी, रक्तदाब पाहून नोंद करायला पाच मिनिटे धरली तर १०० मिनिटे गेली. औषधे व इंजेक्शनच्या दोन फेऱ्या, प्रत्येकी पाच मिनिटे, म्हणजे आणखी २०० मिनिटे. सहा तासांच्या पाळीत उरला एक तास. त्यात नवे रुग्ण दाखल करणे, डिस्चार्जचे कागद, डॉक्टरांच्या राऊंडला उभे राहणे, सलाइन बदलणे, हॅण्डओव्हर आणि नातेवाईकांच्या प्रश्नांना उत्तरे. एखाद्या रुग्णाची प्रकृती अचानक बिघडली तर हे सारे गणित कोसळते. जेवण आणि स्वच्छतागृहात जाणे यांची तर यात नोंदही नाही.

यात भर पडते ती परिचर्येशी संबंध नसलेल्या कामांची. औषध भांडाराचे इंडेंट, चादरींचा हिशेब, बंद पडलेल्या यंत्राचा पाठपुरावा, कक्षसेवक सापडत नाही म्हणून स्वतःच स्ट्रेचर ढकलणे, शिवाय एकच माहिती तीन रजिस्टरांत आणि पुन्हा संगणकात भरणे. रात्रपाळीचे दुष्परिणाम वेगळेच. शरीराचे घड्याळ बिघडवणाऱ्या रात्रपाळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवले आहे. आणि जगभरातील परिचारिकांत दहापैकी आठहून अधिक स्त्रिया आहेत. नाईट संपवून घरी गेल्यावर त्यांतल्या अनेकींची दुसरी पाळी स्वयंपाकघरात सुरू होते.

‘नैतिक घुसमट’ हा काय प्रकार आहे?

काम जास्त असणे हे एक. पण योग्य काय ते कळत असूनही करता न येणे अधिक पोखरते. अमेरिकी अभ्यासक अँड्र्यू जेमटन यांनी १९८४मध्ये परिचारिकांच्या संदर्भातच या अवस्थेचे वर्णन केले. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, हे प्रत्येक परिचारिकेला शिकवलेले असते. २० रुग्ण असताना ते जमत नाही. जखम झाली की ती रोज ड्रेसिंगच्या वेळी समोर दिसते.

त्यात अधिकार कमी आणि जबाबदारी जास्त. नोव्हेंबर २०२१मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात लागलेल्या आगीत ११ रुग्णांचा मृत्यू झाला. त्यानंतर अटक झालेल्यांत परिचारिकाही होत्या. त्या कारवाईला संघटनांनी विरोध केला. इमारतीच्या अग्निसुरक्षेचा निर्णय ज्यांच्या हातात नाही, त्यांनाच आधी जाब विचारला जातो, ही भावना तेव्हापासून अधिक घट्ट झाली. नातेवाईकांच्या रोषालाही सर्वांत आधी तोंड द्यावे लागते ते वॉर्डात हजर असलेल्या सिस्टर आणि ब्रदरनाच.

स्वतःमध्ये तो कसा ओळखायचा?

साध्या थकव्यावर विश्रांती हा उतारा असतो. दोन दिवसांच्या ऑफनंतरही ड्यूटीच्या आदल्या संध्याकाळी पोटात गोळा येत असेल, तर हा थकवा वेगळा आहे. आणखी काही खुणा :

– घरी पोहोचल्यावर ‘अमक्याचे इंजेक्शन दिले का’ असा संशय येऊन वॉर्डात पुन्हा पुन्हा फोन करणे. किंवा याच्या उलट, औषध देण्यापूर्वीची फेरतपासणी नकळत सोडून देणे.

– रुग्ण कण्हत असला तरी मनात काहीच न हलणे. ‘१४ नंबर’ ही वॉर्डातली सोयीची भाषा आहे, तीत गैर काही नाही. पण १४ नंबरवर माणूस आहे याचाच विसर पडू लागला तर ती धोक्याची सूचना.

– सहकाऱ्यांवर, घरच्यांवर क्षुल्लक कारणाने चिडचिड. आणि जेवणाच्या सुट्टीतही कोणाशी बोलू नये असे वाटणे.

– ‘मी या कामाला लायकच नाही’ असे वर्षानुवर्षे उत्तम काम केलेल्या परिचारिकेलाही वाटू लागणे.

बर्नआऊट आणि नैराश्य यांत गल्लत करू नये. बर्नआऊटची धग प्रामुख्याने कामाभोवती असते. नैराश्य आयुष्याच्या सगळ्या कोपऱ्यांत पसरते. पण पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर होऊ शकते. कशातच रस न वाटणे, झोप उडणे, जगणे नकोसे वाटणे असे दोन आठवड्यांहून अधिक काळ होत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. आत्महत्येचा विचार मनात आला तर तेवढीही वाट पाहू नये. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

वॉर्डप्रमुखांनी कशावर लक्ष ठेवावे?

परिसेविका आणि अधिसेविका यांना खुणा कागदावरच दिसू शकतात. आजारपणाच्या रजा वाढणे, ड्यूटी बदलून मागणाऱ्यांची संख्या वाढणे, नव्या परिचारिकांनी वर्ष-दोन वर्षांत राजीनामे देणे, हॅण्डओव्हर दोन वाक्यांत उरकला जाणे. आणखी एक फसवी खूण म्हणजे चुकांच्या नोंदी एकाएकी शून्यावर येणे. व्यस्त वॉर्डात एकही चूक होत नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा चुका सांगण्याची भीती वाटते असा असतो.

रुग्णांचा याच्याशी काय संबंध?

थेट जीवन-मरणाचा. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२मध्ये प्रसिद्ध केला. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी, तर परिचारिकेला बर्नआऊट होण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसले. एकाच कारणाचे हे दोन परिणाम आहेत. त्यामुळे ‘रुग्णहित की कर्मचारीहित’ हा वादच मुळात चुकीचा ठरतो.

बारा तासांच्या ड्यूटीचे काय?

सलग बारा तास करून जास्त ऑफ मिळवणे अनेकींना सोयीचे वाटते. प्रवास वाचतो, मुलांना वेळ देता येतो. मात्र युरोपातील १२ देशांत ३१ हजारांहून अधिक परिचारिकांच्या पाहणीत बारा तास वा अधिक पाळी करणाऱ्यांत भावनिक थकवा आणि नोकरी सोडण्याचा विचार जास्त आढळला. खासगी रुग्णालयांत ‘रिलीव्हर आली नाही’ म्हणून पाळीला पाळी जोडली जाते, तेव्हा तर सोयीचाही प्रश्न उरत नाही.

मग रोखायचा कसा?

डॉक्टरांमधील बर्नआऊटवरील उपायांचा एकत्रित आढावा २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. व्यक्तीला ताण हाताळायला शिकवण्यापेक्षा कामाची रचना बदलण्याचा परिणाम अधिक, असा त्याचा निष्कर्ष होता. परिचारिकांबाबतही दिशा तीच.

संख्या हा पहिला उपाय. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाने २००४पासून वॉर्डनिहाय किमान प्रमाण कायद्याने बंधनकारक केले. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडने २०१६मध्ये सरकारी रुग्णालयांच्या ठरावीक वॉर्डांत दिवसा चार रुग्णांमागे, तर रात्री सातांमागे एक परिचारिका असा नियम केला. तेथील परिणामांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये २०२१ साली आला. मृत्यू आणि पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण घटले, रुग्णालयातला मुक्काम कमी झाला आणि त्यातून झालेली बचत वाढीव परिचारिकांच्या खर्चाच्या दुपटीहून अधिक होती.

भरतीला वेळ लागतो. पण काही गोष्टी उद्यापासून करता येतात. ड्यूटीचा तक्ता महिनाभर आधी लावणे. ईव्हिनिंगनंतर लगेच मॉर्निंग न लावणे; युरोपीय संघाच्या नियमांत दोन पाळ्यांमध्ये किमान ११ तासांची विश्रांती आहे. पाळ्या सकाळ, दुपार, रात्र याच क्रमाने फिरवणे. सलग नाईटवर मर्यादा घालणे. चादरी-इंडेंटचे काम लिपिक व कक्षसेवकांकडे देणे. जेवणाच्या अर्ध्या तासात कोण कोणाचे रुग्ण पाहणार हे तक्त्यातच लिहिणे. मृत्यू किंवा हल्ल्याच्या घटनेनंतर त्या पाळीतल्या सर्वांना एकत्र बसवून बोलते करणे, चौकशी म्हणून नव्हे.

कायदा आणि न्यायालय काय सांगतात?

खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या सेवाशर्तींबाबत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६मध्ये समिती नेमण्याचे आदेश दिले. २००हून अधिक खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतके वेतन आणि ५०पेक्षा कमी खाटा असल्या तरी किमान २० हजार रुपये, अशी शिफारस समितीने केली. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. १९४७च्या कायद्याच्या जागी २०२३मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोगाचा कायदा आला, मात्र त्याचा भर शिक्षण, नोंदणी आणि व्यावसायिक आचारावर आहे. कोलकात्यातील आर. जी. कर रुग्णालयातील घटनेनंतर ऑगस्ट २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी राष्ट्रीय कृती दल नेमले. त्या सुनावणीत मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३मध्ये झालेल्या हल्ल्याचाही उल्लेख झाला. पाच दशकांनंतरही रात्रपाळीची सुरक्षित विश्रांतीची खोली हा मागणीचाच विषय आहे.

दुर्लक्ष केले तर?

थकलेली परिचारिका एक तर घरी बसते किंवा परदेशी जाते. आखाती देश, ब्रिटन, जर्मनी तिच्या शोधातच आहेत; महाराष्ट्राने स्वतः २०२४मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. परदेशी जाणे हा प्रत्येकीचा हक्क आहे. पण तिच्या जागी दुसरी नेमली गेली नाही, तर तिचे रुग्ण शेजारच्या परिचारिकेच्या यादीत जातात आणि ती यादी वाढली की पुढचा राजीनामा जवळ येतो. रिक्त पद हे बर्नआऊटचे कारणही असते आणि परिणामही. ही साखळी तुटू शकते ती भरतीच्या टोकाला, आणि ते टोक परिचारिकेच्या हातात नाही.