विजार घसरते ती कोणाच्या दोषाने?

"आधी वजन उतरवा, मग हव्या तेवढ्या विजारी घ्या," हा उपदेश स्थूल माणसास या देशात कोठेही फुकट मिळतो. डॉक्टर देतात, मेहुणे देतात, कचेरीत शेजारच्या मेजावरील सडपातळ गृहस्थ तर रोज जेवणाच्या सुटीत देतात. त्यातील विसंगती कोणाच्याही ध्यानी येऊ नये याचे आम्हांस नवल वाटते. वजन उतरावयाचे तर धावले पाहिजे. धावावयाचे तर कमरेवर टिकणारी विजार पाहिजे. आणि तशी विजार मिळावयाची ती वजन उतरल्यानंतर! आमचा वाद या उपदेशाशी तर आहेच. पण त्याच्या आडोशाने स्वस्थ बसलेल्या कपडेवाल्यांशी तो अधिक आहे. मोठ्या मापाची धावण्याची विजार घसरते ती घालणाऱ्याच्या पोटामुळे नव्हे, बेतणाऱ्याच्या आळसामुळे, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

हा विषय वाङ्मयीन मासिकात कशाला, असे काही वाचक म्हणतील. परंतु या मासिकाचे बहुतेक वाचक आमच्याप्रमाणेच घरापासून दूर बदलीवर आलेले, खुर्चीवर आठ-नऊ तास बसणारे आणि उपाहारगृहातील छोले-भटुऱ्यांवर दुपार काढणारे आहेत. बदलीच्या हुकुमाबरोबर कमरेचे मापही बदलते हा अनुभव आमच्या एकट्याचा खास नाही. आमच्या पदाचे नाव उच्च श्रेणी लिपिक होते, ते बदलून वरिष्ठ सचिवालय सहायक असे भारदस्त झाले. त्याच सुमारास आमची कंबर ३८ इंचांवरून ४४ वर गेली. २९ ऑगस्ट २०१९ रोजी 'फिट इंडिया' चळवळ सुरू झाली, त्यानंतर कचेरीच्या फलकावर चालण्याधावण्याची परिपत्रके वरचेवर लागू लागली. परिपत्रक वाचून आम्ही धावावयास निघालो. पुढचा सारा इतिहास विजारीचा आहे.

प्रथम घसरण्याचे कारण पाहू. पाण्याच्या घागरीच्या पोटावर रबरी कडे चढवून ते तेथेच राहील अशी अपेक्षा कोणी करीत नाही. घागर थोडी हलली की कडे घेर कमी असेल तिकडे, म्हणजे वर गळ्याकडे किंवा खाली बुडाकडे सरकते. इलॅस्टिकचा पट्टा हे असेच कडे आहे. सडपातळ माणसाची कंबर वर-खाली रुंद व मध्ये अरुंद असते. तेथे पट्टा आपोआप खोबणीत बसतो. ज्याचे पोट पुढे आले आहे त्याच्या शरीरावर अशी खोबण नसते. पट्टा पोटाच्या फुगवट्यावर बसवला की चार पावलांत तो पोटाखाली येतो. बरे, मुळातच पोटाखाली बांधला, तर मागील बाजू आपले काम बिघडवते. धावताना गुडघा वर येतो, माणूस किंचित पुढे झुकतो आणि कमरेपासून आसनापर्यंतचे मागचे अंतर वाढते. त्या वाढीपुरते कापड विजारीत नसेल तर ते कोठून तरी यावयास हवे. ते कमरेवरून खाली ओढून घेतले जाते. गावचा कोणताही जुना शिंपी हे जाणतो. म्हणूनच तो पुढचे आसन आणि मागचे आसन वेगवेगळे मोजतो व पोट सुटलेल्या गिऱ्हाइकाचे मागचे आसन सैल ठेवतो.

कारखान्यात काय होते? मध्यम मापाचा एक नमुना आधी नीट तयार करतात, आणि बाकीची मापे त्याच नमुन्याला ठराविक इंच वाढवीत नेऊन काढतात. दोन पायऱ्यांपर्यंत हे खपते. चौथ्या-पाचव्या पायरीवर गेले की नमुन्याचा माणसाशी संबंध सुटतो, कारण माणूस असा सर्व दिशांनी सारखा वाढत नाही. एकाचा घेर पोटाशी वाढतो, दुसरीचा नितंबांशी. उंची तर दोघांचीही वाढत नाही. बाजारात मात्र घेराबरोबर लांबीही वाढवून ठेवलेली असते. पाच फूट चार इंचांच्या माणसाने चार एक्सएल विजार घातली तर पायाशी वीतभर घोळ आणि मागे आसनात दोन इंच तोटा! आणि हे 'एक्सएल' प्रकरण तरी काय आहे? आम्ही फीत घेऊन दुकानांत मोजले आहे. एका कंपनीच्या डबल एक्सएलची कंबर ३८ इंच, दुसरीची ४२. धान्याच्या वजनात असा फरक करणाऱ्या वाण्यास दंड होतो. कपडेवाल्याच्या 'एक्स'ला कोणी वजनमाप निरीक्षक नाही.

नाडीचा प्रश्न याहूनही संतापजनक आहे. नाडी आणि नेफा ही आपल्याकडची जुनी आणि बिनचूक योजना आहे. ज्या जागी बांधावी त्या जागी ती पक्की बसते. माणूस वाढो वा उतरो, तिला फिकीर नाही. आजच्या पुष्कळ ट्रॅकपँटांना पुढे दोन गोंडेदार टोके लोंबत असतात. ती ओढून पाहावीत. दहापैकी कित्येकदा ती दोन वितींची सुटी तुकडी असून भोकांपाशीच शिवून टाकलेली असतात. ही शोभेची नाडी! दहा-बारा रुपयांची अखंड नाडी वाचविण्यासाठी केलेला हा देखावा आहे, आणि त्याची शिक्षा भर उद्यानात, चारचौघांत, भोगावी लागते ती घालणाऱ्याला. उरला आधार इलॅस्टिकचा. ताणून पुन्हा मूळ आकारात येणारा तो कृत्रिम धागा १९५८ साली द्युपाँ कंपनीच्या जोसेफ शायव्हर्स यांनी शोधला. धागा उत्तमच आहे, पण उष्णता आणि क्लोरीनची पावडर त्याला सोसत नाही. धोब्याची इस्त्री, दिल्लीचा जून आणि मोलकरणीने टाकलेली ब्लीचिंग पावडर या तिघांपुढे स्वस्त इलॅस्टिक किती टिकणार? ते मान टाकते तेव्हा बदलावयाचे म्हटले, तर तेही पट्ट्यात शिवून बंद केलेले असते. उघडा नेफा ठेवला असता तर पाच मिनिटांचे काम होते.

याउपर खिसा. आजकाल सर्वांच्याच खिशात दूरध्वनी असतो, आणि त्याचे वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास भरते. सैल, लोंबत्या बाजूच्या खिशात तो ठेवला की प्रत्येक पावलाला विजारीला एक हिसका बसतो. खिसा मांडीवर घट्ट किंवा कमरेच्या मागे मध्यावर हवा, एवढी साधी गोष्ट महागड्या कंपन्यांना समजते आणि स्वस्त विजारी करणाऱ्यांना समजत नाही असे नाही. त्यांना फक्त करावयाची नाही.

हसण्यावारी नेण्याजोगा हा विषय आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी आमच्या कचेरीतील एका भगिनीची हकीकत ऐकावी. रक्तातील साखर वाढल्याचे कळल्यावर त्यांनी पाच किलोमीटर धावण्याच्या एका शर्यतीत नाव घातले. तीन महिने पहाटे उठून सराव केला. सलवार पायांत अडकते म्हणून मोठ्या मापाची विजार शोधली. मिळाली ती एका हाताने धरून धावावे लागे. एके दिवशी मागून दोन पोरे हसली. त्या दिवसापासून त्यांचे धावणे बंद आहे; औषधाची गोळी मात्र चालू आहे. या बाईंत निश्चय नव्हता असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? एक हात कमरेवर ठेवून तीन महिने धावणे यास आम्ही तरी निश्चयच म्हणतो.

दुकानदाराला विचारले तर ठरलेले उत्तर येते: "साहब, इस साइज की माँग ही नहीं।" २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष जादा वजनाचे वा स्थूल आढळले. चौघांमागे जवळजवळ एक! मग मागणी नाही कशी? जो एकदा दुकानात येऊन, सेवकाची नजर झेलून, रिकाम्या हाताने परतला तो दुसऱ्यांदा येत नाही. आणि तो येत नाही म्हणून मागणी नाही. फडताळात माल ठेवून पाहिल्याखेरीज हे कोडे सुटणार नाही.

तसे मापांचे काम सरकारांनीही केले आहे. अमेरिकेत १९३९-४० साली कृषिखात्याच्या गृहशास्त्र विभागाने सुमारे १५,००० स्त्रियांची अंगमापे घेतली. त्यावर आधारलेली मापांची पद्धत १९५८ साली प्रसिद्ध झाली आणि १९८३ साली मागेही घेतली गेली; अखेरच्या हिशेबात गोऱ्या स्त्रियांचीच मापे धरली होती हा तिचा मोठा दोष. आपल्याकडे वस्त्रोद्योग मंत्रालय आणि राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था यांनी 'इंडियासाइझ' ही योजना आखली: दिल्ली, मुंबई, बंगळुरू, हैदराबाद, कोलकाता व शिलाँग या सहा शहरांत पंधरा ते पासष्ट वयाच्या २५,००० स्त्रीपुरुषांची मापे यंत्राने, अंगाला हात न लावता घ्यावयाची. योजना स्तुत्य आहे. आमची विनंती एवढीच, की या मापांतून कपड्यांचे तक्ते बनवताना मधल्या पायऱ्यांपाशी थांबू नये. शेवटच्या पायरीवरचा माणूस हाही या देशाचा नागरिक असून त्याला मागचे आसन आहे.

आता पैशांकडे वळू. केंद्रीय नागरी सेवा आचरण नियम, १९६४, यांतील नववा नियम आम्हांस तोंडपाठ आहे. म्हणून धोरणावर टीका न करता केवळ बेरीज मांडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यास ५ टक्के व त्यावरील किमतीच्या कपड्यास १८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. सडपातळ माणसाला बेताच्या किमतीची विजार कोठेही मिळते. तो पाच टक्क्यांत सुटतो. आमच्या मापाची, खरी नाडी आणि नीट आसन असलेली विजार आम्हांस सापडली ती कर सोडून २,६०० रुपयांची. तीवर कर ४६८ रुपये, एकूण ३,०६८. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे आमच्या चौथ्या स्तराचे आरंभीचे मूळ वेतन २५,५०० रुपये, म्हणजे दिवसाला ८५०. महागाई भत्ता बाजूस ठेवला तर एका विजारीसाठी साडेतीन दिवसांहून अधिक फायली उपसावयाच्या! कर चैनीच्या वस्तूवर असेल तर आमची तक्रार नाही. पण मोठे माप स्वस्तात मिळतच नसेल तर ही चैन म्हणावयाची कशी, हे वित्त शाखेतील वाचकांनी आम्हांस समजावून द्यावे.

काही संस्कृतिप्रेमी मंडळी म्हणतील, "आपले पूर्वज काय विजारी घालून धावत होते?" त्यांना आम्ही सांगू की तुमचा मुद्दा आमच्याच बाजूचा आहे. काष्टा घातलेल्या लुगड्याला माप नसते. ते प्रत्येक अंगाला, प्रत्येक दिवशी नव्याने बेतले जाते. २०१३ साली बारामतीच्या शर्यतीत लता करे नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि आपल्या गटात पहिल्या आल्या, हे सर्वश्रुत आहे. न शिवलेले वस्त्र जे साधते ते शिवलेल्या, यंत्राच्या वस्त्राला साधू नये, यात यंत्राची बढाई कोणती? मात्र बारामतीचे उदाहरण पुढे करून बायकांना नऊवारी नेसून पहाटे नेहरू पार्कात धावा असे कोणी सांगू लागेल तर त्याने आधी स्वतः धोतर नेसून एक फेरी मारावी.

तोपर्यंत करावे काय? दिल्लीत सरोजिनीनगर, चेन्नईत त्यागरायनगर, कोलकात्यात गडियाहाट, गुवाहाटीत फॅन्सी बाजार. जेथे आपली बदली असेल तेथील पदपथ धुंडाळावेत. निर्यातीतून परतलेल्या मालात मोठी मापे कधीकधी हाती लागतात. घेण्यापूर्वी फीत बरोबर न्यावी, 'एक्स' मोजू नयेत, कंबर, नितंब आणि मागचे आसन मोजावे. नाडी ओढून दुसरे टोक हलते की नाही ते पाहावे. दुकानातच खाली बसून उठावे. दुकानदार हसला तर हसू द्यावे. आणि काहीच न जमल्यास शिंप्याकडे जावे. आमच्या वसाहतीबाहेरच्या मास्टरजींकडे ताणाचे कापड शिवण्याचे यंत्र आहे. आम्ही त्यांना तीनच गोष्टी सांगितल्या: मागचे आसन पुढच्यापेक्षा तीन इंच जास्त, रुंद इलॅस्टिकच्या जोडीला उघड्या नेफ्यातून अखंड नाडी, आणि डाव्या मांडीवर घट्ट खिसा. त्यांनी कापडासह साडेसातशे रुपये घेतले. मापाची चिठ्ठी त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून ठेवली आहे, आणि गेल्या महिन्यात त्याच खिळ्याला आणखी चार चिठ्ठ्या लागल्या. त्यांतील एक वर सांगितलेल्या भगिनींची आहे.