मीटर बंद असलेली जीप

आज पिकाचं नाही, जीपचं लिहितोय. शेवटी गाडी फवारणीवरच येणार आहे, त्यामुळे अर्ध्यात सोडू नका.

आमच्या घरच्या जुन्या डिझेल जीपचा स्पीडचा काटा तीन वर्षं शून्यावर झोपलेला होता. "मीटरवाचून गाडी अडते का?" हे वाक्य मी स्वतः चारचौघांत म्हटलेलं आहे. यंदा पुतण्या जीप चालवायला शिकला आणि माझा सूर बदलला. म्हणाला, "काका, चाळीसच्या वर नेतच नाही." एक दिवस मोबाईलवर जीपीएस लावून शेजारी बसलो, तर आकडा 60. पोरगं खोटं बोलत नव्हतं. मोटारसायकलवर 80 ने जाणाऱ्याला जीपचे 60 म्हणजे रमतगमत चालल्यासारखंच वाटतं. पण या जीपला चारी चाकांना ड्रम ब्रेक. वेग दीडपट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर सव्वादोन पट होतं. बाजाराच्या दिवशी रस्त्यावर म्हातारी माणसं, शेळ्या, शाळेची पोरं. त्या रात्री झोप नीट लागली नाही, खरं सांगतो.

तालुक्याला दाखवलं, तर मिस्त्री न उघडताच म्हणाला, "जुना मीटर काढून टाका, नवा डिजिटल बसवतो." माझं मत इथंच वेगळं आहे. विलिजच्या घराण्यातल्या या जीपचा मीटर इतका साधा असतो की त्याला बॅटरीची वायरसुद्धा लागत नाही, लागते ती फक्त आतल्या दिव्याला. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट जिथून निघतो, तिथल्या गिअरवरून एक केबल डॅशबोर्डपर्यंत येते. केबल मीटरमधला चुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. चुंबक तिला शिवत नाही, पण फिरताना वाटीत वीज उत्पन्न होते आणि वाटी त्याच्या मागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागं धरते. जेवढा वेग, तेवढी ओढ, तेवढा काटा वर. किलोमीटरचे आकडे मात्र त्याच केबलवर दातऱ्यांनी फिरतात.

म्हणून पहिली खूण ही बघा. काटा आणि आकडे दोन्ही बंद असतील तर दोष बहुतेक केबलमध्ये किंवा खालच्या गिअरमध्ये. आकडे पळतात पण काटा मेलेला असेल, तर मीटर उघडावा लागेल. काटा थरथरत असेल तर केबल कोरडी पडलीय किंवा कुठंतरी मुरगळलीय.

आमचे दोन्ही बंद होते. मीटरमागचा आटा सोडला, आतली तार ओढली, तर अर्धीच हातात आली. उरलेली खालच्या बाजूने काढावी लागली. तुटली होती ती डॅशच्या मागे, जिथं मीच हौसेनं टेप बसवताना केबल दाबून काटकोनात वळवली होती. म्हणजे दोषी कोण ते कळलं!

जुन्या केबलची लांबी आणि चौकोनी टोक जुळवून नवी आणली. खर्च एका फवारणीच्या औषधापेक्षा कमी. तारेला हलकं ग्रीस लावलं, पण मीटरकडचं वीतभर टोक कोरडं ठेवलं. नाहीतर ग्रीस वर चढून मीटरमध्ये जातं, वाटी चिकटते आणि काटा नीट चालत नाही. केबलला वळण मोठं दिलं. टेप काढून ठेवला.

काटा उठला. घरात पेढे वाटायचंच बाकी होतं. पण चालू झालेला मीटर बरोबर असतोच असं नाही, आणि हे फार कमी लोक तपासतात. किलोमीटरच्या दोन दगडांमधला वेळ घड्याळावर घ्या, 3600 ला सेकंदांनी भागा. 72 सेकंद लागले तर वेग 50. आमचा काटा तेव्हा 47 दाखवत होता. दहा दगड मोजले तर मीटरवर 9.4 किलोमीटर. कारण टायर. मूळ 6.00-16 च्या जागी आम्ही 7.00-16 घातलेत. चाक मोठं, एका फेऱ्यात अंतर जास्त, मीटरला त्याचा पत्ता नाही. डॅशवर कागद चिकटवलाय, "दर शंभराला सहा वाढवा." डिझेलचं ॲव्हरेजही आता तसंच काढतो.

मिस्त्रीनं जाताजाता आणखी एक विचारलं होतं, "आकडे शून्य करून देऊ? विकताना बरं पडतं." नको म्हटलं. उलट मीटर कधीपासून कधीपर्यंत बंद होता, ते गाडीच्या वहीत लिहून ठेवलं. जुना ट्रॅक्टर घेताना आपणच तास बघून पैसे मोजतो ना? मग आपल्या दारातला आकडा खोटा कशाला करायचा.

आता ट्रॅक्टर. जुन्या ट्रॅक्टरांच्या मीटरलाही इंजिनवरून अशीच केबल येते. त्या काट्यावर पीटीओ 540 ची खूण असते आणि तास त्याच मीटरमध्ये मोजले जातात. गावात किती जणांचा काटा हलतो? ब्लोअर कानाच्या अंदाजानं चालतो. समजा, नोझलचा प्रवाह तेवढाच आहे आणि ट्रॅक्टर ताशी 4 ऐवजी 5 किलोमीटरने गेला, तर एकरी 400 लिटरच्या जागी 320 च पडतात. औषध पाचव्या हिश्शानं कमी, आणि आपण दुकानदाराला शिव्या घालतो. कृषी सल्लागार मित्रांनाही विनंती आहे, एकरी मात्रा सांगताना वेगही विचारत जा. मीटर दुरुस्त होईपर्यंत शेतात 100 मीटरवर दोन काठ्या रोवा. आधी थोडी धाव घेऊन, काठ्यांमधलं अंतर 90 सेकंदांत कापलं तर वेग बरोबर 4.

आमच्याही ट्रॅक्टरचा काटा मेलेलाच आहे, लपवत नाही. रविवारी केबल सोडतोय. आतली तार तुटलीय की इंजिनकडचं टोक झिजलंय, फोटोसकट टाकतो.