कुजवलेली मतं आणि १९५२

नगरपालिकेच्या प्रभागात आजही मतदाराला एकाहून जास्त बटणं दाबावी लागतात. ‘आपल्या माणसाला द्या, बाकीचं काहीही करा’ असा प्रचार वैजापुरात नवा नाही. तो करणाऱ्या पोरांनी १९५२ वाचावं.

उत्तर मुंबई तेव्हा द्विसदस्यीय मतदारसंघ होता. प्रत्येकाला दोन मतं, पण दोन्ही एकालाच देता येत नसत. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची युती समाजवादी अशोक मेहतांशी. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ मतं मिळाली, बाबासाहेबांना १,२३,५७६. बाद मतं मात्र ७० हजारांच्या वर. कॉम्रेड डांग्यांनी मतं कुजवायला लावली, असं म्हणत बाबासाहेब आणि मेहतांनी निवडणूक याचिका केली. ती फेटाळली गेली.

दोन मतांचा हा घोळ अमेरिकेनेही भोगलाय. १८०० साली जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे बर यांना ७३-७३ मतं पडली, प्रतिनिधिगृहात ३६ फेऱ्या झाल्या. १८०४ मध्ये त्यांनी घटनादुरुस्ती केली. आपल्याकडचे द्विसदस्यीय मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने गेले.

पण सगळा दोष डांग्यांवर टाकून आपण सुटतो, हे मला पटत नाही. काँग्रेसची लाट होतीच. शिवाय राखीव जागेवर कोण जाणार हे बिगर-दलित मतदार ठरवतात, ही पुणे करारापासूनची गोम. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत पुन्हा तेच झालं: मेहता निवडून आले, बाबासाहेब पडले.

म्हणून युतीच्या बैठकीत जागा किती, याआधी विचारा: तुमच्या मतदारांचं दुसरं मत आमच्या उमेदवाराला पडणार आहे का?