उंच मुलाचा नेम जोखताना

एनबीएचा ड्राफ्ट जवळ आला की सात फुटी पोरांबद्दल एक निकाल हमखास ऐकू येतो: 'कॉलेजात याचे थ्री पॉइंटर पडले नाहीत, हा रिंगाखालचाच खेळाडू.' हा निकाल चुकीच्या पुराव्यावर उभा आहे.

कार्ल-अँथनी टाउन्सचेच पाहा. 2014-15 मध्ये केंटकीकडून खेळताना त्याने हंगामभरात आठ थ्री पॉइंटर मारून पाहिले, दोन पडले. म्हणजे 25 टक्के. आणखी एक पडला असता तर 37.5 टक्के! एका चेंडूने जो आकडा वाईटाचा चांगला होतो, त्यावर मुलाचे भवितव्य ठरवायचे? याच टाउन्सने 2022 मध्ये ऑल-स्टारची थ्री पॉइंट स्पर्धा जिंकली. ब्रूक लोपेझने एनबीएतल्या पहिल्या आठ हंगामांत मिळून तीन थ्री पॉइंटर केले होते. 2016-17 मध्ये प्रशिक्षक केनी अ‍ॅटकिन्सन यांनी त्याला रेषेबाहेर उभे केले आणि एकाच हंगामात त्याने 134 केले. न मारणे वेगळे आणि न जमणे वेगळे.

यावरून काही जण दुसरे टोक गाठतात: 'सराव करून घेतला की कोणीही शिकतो.' हेही मला मान्य नाही. टाउन्सच्याच ड्राफ्टमध्ये तिसरा निवडला गेलेला जाहलील ओकाफोर पाठीमागे बचावपटू घेऊन फार सुंदर खेळे, पण बाहेरचा नेम त्याला साधला नाही. आंद्रे ड्रमंडने चाळिशीच्या आसपास घुटमळणारे फ्री थ्रो कष्टाने साठ टक्क्यांवर नेले, तरी तो थ्री पॉइंटर मारणारा सेंटर झाला नाही.

मग पाहायचे काय? आधी फ्री थ्रो. अंतर ठरलेले, 15 फूट. समोर कोणाचा हात नाही. मनगट, कोपर आणि चेंडू सोडण्याची लय एवढेच तिथे तपासले जाते. शिवाय उंच खेळाडूवर फाउल खूप होतात, त्यामुळे आठ नव्हे, शंभराहून अधिक प्रयत्न हाताशी असतात. टाउन्सचे कॉलेजात 81 टक्के फ्री थ्रो पडत होते, ओकाफोरचे 51. लोपेझही या रेषेवर सुरुवातीपासून पक्का होता. एनबीएची थ्री पॉइंट रेषा समोरून 23 फूट 9 इंचांवर आहे. वाढलेल्या अंतराला लागणारी ताकद पायांत आणता येते. बिघडलेले मनगट सुधारणे त्याहून कितीतरी अवघड.

कोणी ब्रूस बोवेनचे नाव घेईल. 2002-03 मध्ये थ्री पॉइंटच्या टक्केवारीत तो लीगमध्ये पहिला होता आणि त्याचे फ्री थ्रो जेमतेम 40 टक्के पडत होते. आक्षेप खरा आहे. पण बोवेन सेंटर नव्हता आणि कोपऱ्यातल्या ठरलेल्या जागेवरून मारण्यात तो तरबेज होता. म्हणून फ्री थ्रोला दुसऱ्या साक्षीची जोड हवी: मधल्या अंतरावरून तो न बिचकता मारतो का, आणि दमल्यावरही चेंडू तसाच सुटतो का? लोपेझ आणि मार्क गसोल हे दोघेही रेषेबाहेर जाण्याआधी कित्येक वर्षे मधल्या अंतरावरून मारत होते.

या दोन्ही साक्षी अनुकूल असतील, तर पुढची जबाबदारी प्रशिक्षकाची. त्याने मुलाला सामन्यात रेषेबाहेर उभे करावे, चुकले तरी मारू द्यावे आणि पुरेसे प्रयत्न झाल्यावरच टक्केवारी मोजावी. जिथे फ्री थ्रोही नाही आणि मधला नेमही नाही, तिथे खोटी आशा लावून त्याचे रिंगाखालचे कसब वाया घालवू नये. मुलाला न्याय द्यायचा तर या दोन्ही गोष्टी तितक्याच कसोशीने पाळायला हव्यात.