तळे कुणाचे?

भंडारा-गोंदियाकडील जुनी मालगुजारी तळी कोहळी समाजाच्या कसबातून उभी राहिली. गाळ काढणे, पाळ सांभाळणे हे गावाचेच काम असे. १९५१ साली मालगुजारी संपली, तळी सरकारजमा झाली आणि गावाचा हात त्यांवरून निघाला. आज कित्येक तळ्यांत सांडपाणी मिसळते. त्यावर जलपर्णी माजते, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे मरतात. ढिवरांच्या चुली विझतात.

मित्रहो, शिबिरात आपण जलपर्णी उपसतो आणि समाधानाने घरी परततो. पण गटाराचे तोंड तसेच राहिले, तर पुढल्या वर्षी तीच जलपर्णी हजर! आधी सांडपाणी शोषखड्ड्यात वळवावे, मगच गाळ काढावा; आणि हे ग्रामसभेने स्वतः ठरवावे. तळे कागदोपत्री सरकारचे असेल. त्यातली घाण मात्र आपलीच आहे.