चेहरा कुणाचा दाखवायचा?

अमली पदार्थांवरील शोधवृत्त म्हटले की काळी पार्श्वभूमी, सुई, पांढरी पूड आणि मान खाली घातलेला तरुण हे चित्र ठरलेलेच. त्याने भय वाटते. बोध होत नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या पालकाला ते महानगराचे दुखणे वाटते. मग कळमनुरी वा सेनगावात मुलाच्या दप्तरात कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या सापडल्या, तरी त्याला धोका उमगणार कसा?

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या कारखान्यातून मेफेड्रोनचा प्रचंड साठा जप्त केला. धागे दिल्लीपर्यंत पोहोचले. अशा वेळी मेजावर रचलेल्या पाकिटांच्या छायाचित्रापेक्षा कारखाना, गोदाम आणि ग्राहक जोडणारा साधा नकाशा वाचकाला अधिक शहाणे करतो.

बालन्याय कायदा, २०१५ चे कलम ७४ अशा प्रकरणातील बालकाची ओळख उघड करण्यास मनाई करते. पण खेड्यात केवळ चेहरा धूसर करून भागत नाही; घराचा ओटा, अंगातला सदरा, दारातली दुचाकीही ओळख सांगते. एकदा गावभर नाव झालेला मुलगा उपचाराची पायरी चढायला धजत नाही. म्हणून मांडणी करणाऱ्याने व्यसनात अडकलेल्याला झाकावे आणि व्यापाराची साखळी उघडी करावी. आज बहुधा याच्या नेमके उलट घडते.