केसांची झळाळी आणि वसईचे पाणी

केस बसविण्यासाठी, उभारण्यासाठी आणि चमकविण्यासाठी म्हणून जे जिन्नस आज विरार व नालासोपारा स्थानकांलगतच्या दुकानांतून हारीने मांडलेले दिसतात, त्यांत जेल आहे, वॅक्स आहे, क्ले आहे, पोमेड आहे, सीरम आहे, आणि यांतील बहुतेक डब्यांवर पोत व झळाळी या दोन्ही गुणांची ग्वाही एका दमात दिलेली असते. परंतु हे दोन गुण सहसा एकत्र नांदत नाहीत, ही गोष्ट गिऱ्हाइकाने पैसे मोजण्यापूर्वी ध्यानी घ्यावी, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे.

केसाच्या बाह्यांगावर सूक्ष्म खवले असतात आणि ते मंगलोरी कौलांप्रमाणे एकावर एक रचलेले असतात. ते सपाट बसलेले असले म्हणजे पडलेला प्रकाश एकाच दिशेने परावर्तित होतो आणि केस तुकतुकीत दिसतात. ते उचलले गेले, झिजले किंवा त्यांवर काही साचले, की तोच प्रकाश विखुरतो आणि केस निस्तेज भासतात. क्लेमधील माती व मेण केसाकेसांतले घर्षण वाढवितात, म्हणून केस दाट दिसतात, हाताला भरीव लागतात, आणि नेमक्या त्याच कारणाने त्यांची चमक हरपते. पोमेडमधील पेट्रोलियम जेली याच्या अगदी उलट केस चापून बसविते व चकाकविते. विरळ केसांच्या गृहस्थाने पोमेडच्या वाटेला जाऊ नये, कारण त्याने केस एकमेकांस चिकटून टाळू उघडी पडते. त्याला क्लेच बरी.

जेलविषयी माझे मत प्रतिकूल आहे आणि त्याला आपल्या हवेचा आधार आहे. केस हवेतला ओलावा शोषतो, आणि तो शोषला की कंगव्याने व उष्णतेने दिलेला तात्पुरता आकार ज्या बंधांवर टिकलेला असतो ते बंध सुटू लागतात. जेलचा कडक पापुद्राही पुष्कळदा स्वतःच ओलसर होऊन चिकट बनतो. अर्नाळा, राजोडी, कळंब या किनाऱ्यांवरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यात आणि सकाळच्या चर्चगेट लोकलमधल्या घामात अशा पापुद्र्याची तग बोरिवलीपर्यंतही लागेल, अशी खातरजमा कोणी देऊ शकत नाही.

आमच्या आधीच्या पिढीची या बाबतीतली सारी भिस्त ब्रिलक्रीमवर होती. १९२८ साली बर्मिंगहॅम येथे निघालेले हे क्रीम म्हणजे पाणी आणि खनिज तेल यांचे मधमाशीच्या मेणाने सांधलेले मिश्रण. त्याच्या जाहिरातींतून घरोघरी पोहोचलेला डेनिस कॉम्प्टन आमच्याकडील क्रिकेटशौकिनांस परका नव्हता, कारण १९४५ साली रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात, ब्रेबॉर्न स्टेडियमवर, होळकर संघाकडून खेळताना त्याने मुंबईविरुद्ध नाबाद २४९ धावा काढल्या होत्या. त्या क्रीमची चमक निर्विवाद होती; पण खनिज तेल केसाच्या आत शिरत नाही, ते पृष्ठभागावरच राहते.

येथे खोबरेलाचा मुकाबला करून पाहिला पाहिजे. मॅरिको या मुंबईच्या कंपनीतील संशोधक आरती रेले व आर. बी. मोहिले यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात खनिज तेल, सूर्यफुलाचे तेल आणि खोबरेल या तिहींची तुलना केली, तेव्हा केसांतील प्रथिनांचा ऱ्हास एकट्या खोबरेलानेच लक्षणीय प्रमाणात कमी केल्याचे आढळले. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे वाचकाने जरूर लक्षात ठेवावे. तथापि त्यांची कारणमीमांसा पटण्याजोगी आहे. खोबरेलाचा सुमारे निम्मा भाग लॉरिक आम्लाचा, आणि त्याची साखळी आखूड व सरळ असल्यामुळे ते केसाच्या अंतर्भागात प्रवेश करू शकते. आत मुरलेले तेल पाण्याने केसाचे फुगणे कमी करते, म्हणून तेल न्हाण्यापूर्वी लावण्याची जी वहिवाट घराघरांत आहे ती शास्त्रशुद्ध ठरते. पौषातल्या सकाळी बाटलीत गोठलेले ते पांढरे तेल चमच्याच्या दांड्याने खरवडून तळव्यावर घ्यावे, दोन्ही तळवे एकमेकांवर चोळावेत, की ते लगेच पाघळते, कारण सुमारे २४ अंशांवरच त्याचे द्रवात रूपांतर होते. मग ते मुळांपेक्षा टोकांना अधिक लावावे, कारण केसाचे सर्वांत जुने व झिजलेले अंग म्हणजे टोक. न्हाऊन झाल्यावर सीरमचे दोन थेंब लावण्यास माझी हरकत नाही. त्यातील सिलिकॉनचा पातळ थर खवल्यांवर बसून खरोखरच चमक देतो, मात्र तो केसावर साचू लागला की शाम्पूने उतरवावा लागतो.

परंतु या सर्व डब्या-बाटल्यांच्या आधी जो पदार्थ केसाला लागतो तो म्हणजे पाणी, आणि वसई-विरारमध्ये खरा प्रश्न तेथेच आहे. पश्चिम पट्ट्यातील वाड्यांना विहिरींनी आणि बावखलांनी शतकानुशतके गोडे पाणी पुरविले. पुढे टँकरांनी विहिरी उपसण्याचा धंदा फोफावला तेव्हा, भूगर्भात खारे पाणी शिरेल या रास्त भयाने, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसईच्या चळवळीने त्याविरुद्ध आवाज उठविला. आज सूर्या धरणाचे पाणी येत असले तरी कितीतरी वसाहती कूपनलिका आणि टँकर यांवर दिवस काढतात. अशा जड पाण्यात साबणाने केस धुतले असता चुन्याच्या अंशाशी साबणाचा संयोग होऊन पांढुरका, न विरघळणारा साका तयार होतो. बादलीच्या काठावर बोटाला लागतो तोच केसांच्या खवल्यांवरही बसतो, आणि त्यावर कितीही महाग सीरम चोपडले तरी केस राठच राहतात. शिकेकाई व रिठे यांचा फेस साबणाचा नव्हे, म्हणून त्यांचा असा साका होत नाही, आणि शिकेकाई किंचित आम्लधर्मी असल्याने खवले मिटण्यास साह्यच होते. ज्यांस कुटण्या-उकळण्यास सवड नाही त्यांनी शाम्पू वापरावा, आणि अखेरच्या तांब्याभर पाण्यात लिंबाचा थोडा रस पिळावा.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडत्वाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम असून, दुसरा उद्भव नसल्यास ६०० पर्यंत मुभा आहे. आपल्या वसाहतीत येणाऱ्या टँकरचा आकडा यांपैकी कोणत्या बाजूस पडतो, हे रहिवाशास कळण्याची तजवीज महानगरपालिकेने करावी. प्रत्येक टँकरच्या पावतीवर पाण्याचा उद्भव व त्याचे जडत्व नमूद करणे सक्तीचे करावे, आणि गृहसंस्थांच्या चिटणिसांनी ही मागणी पुढच्या सर्वसाधारण सभेच्या ठरावात दाखल करून पालिकेकडे रवाना करावी.